पेपर मॅजिक: जुनं पुस्तक, पण भारी

रॉबर्ट हार्बिनचं १९५६चं हे ओरिगामीचं, म्हणजे कागदाला घड्या घालून आकार बनवायचं पुस्तक जुन्या कॉपीत मिळालं आणि दोन रात्री कागद फुकट घालवले मी. हा माणूस मुळात स्टेजवरचा जादूगार, दक्षिण आफ्रिकेतून लंडनला आलेला, पेटीतल्या बाईचं मधलं अंग बाजूला सरकवायची ती झिगझॅगवाली ट्रिक ह्याचीच, आणि तोच कागदाच्या घड्यांच्या नादाला लागला, पुढे १९६७ला ब्रिटिश ओरिगामी सोसायटीचा पहिला अध्यक्षही झाला! चित्रं मात्र दाटीवाटीची, कुठली घडी आत आणि कुठली बाहेर हे कळेपर्यंत कागद चुरगळतो. एकदम नवशिक्यांनी दुसरं काहीतरी घ्या. जादूगार स्वतःचं सीक्रेट एवढं खुलेआम शिकवतो ह्याचीच मजा वाटली, चार स्टार.