सव्वातीन तासांची मॅरेथॉन, नोकरी आणि गार्मिनचे ‘डेली सजेस्टेड वर्कआउट्स’

गार्मिनच्या फोररनर घड्याळांत फुकट मिळणारी ‘डेली सजेस्टेड वर्कआउट्स’ ही रोजचा धावण्याचा सराव सुचवणारी सोय सोमवार ते शनिवार उत्तम आहे, रविवारी कच्ची आहे. नोकरी, लोकल, मुलांची शाळा आणि सणवार सांभाळून जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला सव्वातीन-साडेतीन तासांत धावायचं असेल, तर हे एक वाक्य लक्षात ठेवून ती वापरावी. पूर्ण भरवसा ठेवला तर तिसाव्या किलोमीटरला पाय बोलायला लागतात. अजिबात वापरली नाही, तर एवढं महागडं घड्याळ नुसतं पावलं मोजतं.

आधी हे चालतं कसं ते. कनेक्ट अॅपच्या कॅलेंडरमध्ये शर्यत, तारीख, अंतर आणि हवी ती वेळ टाकायची आणि ती मुख्य शर्यत म्हणून निवडायची. घड्याळ उरलेल्या आठवड्यांचे बेस (पाया), बिल्ड (बांधणी), पीक (कळस) आणि टेपर (शर्यतीआधी सराव कमी करणं) असे टप्पे पाडतं आणि रोज सकाळी एक वर्कआउट पुढे करतं: रिकव्हरी (अगदी हळू), बेस (गप्पा मारता येतील असं सोपं), टेम्पो (जरा जोरात), थ्रेशोल्ड (जेमतेम तासभर टिकेल अशा जोराने), व्हीओटू मॅक्स (त्याहून कठीण, छोटी आवर्तनं), स्प्रिंट किंवा लाँग रन (लांब धावणं). आदल्या रात्रीची झोप, एचआरव्ही (हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतरातला फरक), गेल्या काही दिवसांचा लोड (सरावाचा ताण) आणि शिल्लक राहिलेला रिकव्हरी टाइम पाहून ते बदलतं. पुढच्या आठवड्याचा अंदाजही दिसतो, पण तो अंदाजच. मंगळवारचा थ्रेशोल्ड मंगळवारी सकाळी बेस झालेला दिसेल.

नोकरदाराला नेमकं हेच सोयीचं आहे. कागदावरचा सोळा आठवड्यांचा तक्ता गणपतीत एकदा मोडला की मोडलाच. चुकलेले वर्कआउट भरून काढायचे की सोडून द्यायचे, या विचारात पुढचा आठवडाही जातो आणि बरेच जण दोन कठीण वर्कआउट लागोपाठ उरकून पोटरी धरून बसतात. इथे ती भानगड नाही. बुधवारी ऑफिसात रात्रीचे दहा वाजले, गुरुवारी धावणं बुडालं, तर शुक्रवारी घड्याळ नव्याने हिशेब मांडतं. बोलणी नाहीत, थकबाकी नाही.

दुसरी गोष्ट, मधल्या वारांचे वर्कआउट अंतरावर नाही, वेळेवर बेतलेले असतात आणि बहुतेक पस्तीस मिनिटं ते एका तासात बसतात. सव्वासहाला घरी परतून डबा भरायचा असेल तर ‘४८ मिनिटं बेस’ हे ‘१० किलोमीटर’पेक्षा कितीतरी बरं. थ्रेशोल्डची आठ-आठ मिनिटांची तीन आवर्तनं सोसायटीमागच्या सरळ रस्त्यावरही होतात, त्यासाठी ट्रॅक शोधत जावं लागत नाही.

आता गोम. हे सगळं हृदयगतीच्या झोनवर (सोप्यापासून कठीणपर्यंतच्या नाडीच्या मर्यादांवर) उभं आहे आणि नवीन घड्याळ कमाल हृदयगती २२० वजा वय अशी धरतं. चाळीस वर्षांच्या माणसाला ते १८० लावेल. त्याची खरी कमाल १९२ असेल तर प्रत्येक बेस रन रांगल्यासारखी होईल, १७० असेल तर प्रत्येक बेस रन टेम्पो होईल. मग तीन आठवड्यांत ‘हे घड्याळ काही कामाचं नाही’ असा निकाल लागतो. म्हणून पहिल्या आठवड्यात छातीचा पट्टा बांधून थ्रेशोल्डची चाचणी करावी: पंधरा मिनिटं वॉर्मअप, मग तीस मिनिटं एकट्याने, शर्यतीसारखं पण एकसारख्या वेगाने. शेवटच्या वीस मिनिटांची सरासरी हृदयगती हा आपला थ्रेशोल्डचा आकडा. तो प्रोफाइलमध्ये भरून झोन ‘टक्के एलटीएचआर’वर, म्हणजे या थ्रेशोल्ड हृदयगतीच्या टक्केवारीवर लावावेत.

मनगटावरच्या सेन्सरची खोड आणखी वेगळी. पट्टा सैल असला किंवा हात गार असले की तो नाडी सोडून पावलांचा ठेका पकडतो. आलेखात सुरुवातीपासूनच १७५-१८०ची सपाट रेघ दिसली आणि श्वास मात्र गप्पा मारण्याइतका निवांत होता, तर ती नाडी नव्हे, कॅडन्स. असे दोन-तीन दिवस आले की घड्याळाला वाटतं माणूस रोज मरेस्तोवर धावतोय. मग ते लोड फुगवतं आणि पुढचे दोन दिवस रिकव्हरी लादतं. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि घट्ट बांधावा. थ्रेशोल्डच्या दिवशी आणि रविवारी छातीचा पट्टाच वापरावा.

थ्रेशोल्ड हृदयगतीवर धावताना हमखास होणारी एक चूक अशी. नाडी वर यायला दोन-तीन मिनिटं लागतात. घड्याळ ‘कमी आहे’ म्हणून पिकपिक करतं, माणूस जोर लावतो आणि चौथ्या मिनिटाला नाडी झोनच्या वर गेलेली असते. पहिली तीन मिनिटं पिकपिक ऐकूच नये. अंदाजाच्या वेगाने धावावं, नाडी आपोआप येते. सव्वातीन तासांचं लक्ष्य असलेल्याचा थ्रेशोल्ड वेग साधारण किलोमीटरला ४:१५ ते ४:२५ मिनिटांच्या आसपास पडतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरातला उकाडा हा वेगळा विषय. जानेवारीच्या शर्यतीची मुख्य बांधणी नेमकी ऑक्टोबर हीटमध्ये येते. पहाटे पाचलाही मुंबईत घामाच्या धारा लागतात, त्याच नाडीला वेग किलोमीटरमागे वीस-तीस सेकंदांनी पडतो. म्हणून बेससाठी टार्गेट हृदयगतीचं ठेवावं, वेगाचं नको. २२ अंशांच्या वर घड्याळ उष्णतेचा हिशेब धरतं खरं, पण हवामान त्याला फोनकडून मिळतं. फोन घरी ठेवून निघायचं असेल तर निघण्याआधी एकदा सिंक करावं. तरीही ऑक्टोबरात पडद्यावर ‘अनप्रॉडक्टिव्ह’ (सराव फळत नाही) हा शब्द दिसणारच. पहाटे साडेचारला उठून पंधरा किलोमीटर धावून आलेल्या माणसाला हे वाचून काय वाटतं, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. डिसेंबरात गारवा आला की तंदुरुस्तीचा आलेख आपसूक वर जातो.

पुण्याकडच्यांसाठी एक सेटिंग. वेताळ टेकडीवर किंवा बाणेरच्या टेकडीवर साध्या ‘रन’ प्रोफाइलने धावलात तर खडकाळ चढ-उतारामुळे वेग पडतो, नाडी चढते आणि व्हीओटू मॅक्स (शरीर किती ऑक्सिजन वापरू शकतं याचा घड्याळाचा अंदाज) विनाकारण घसरतो. त्यावरच पुढच्या वर्कआउटचे वेग ठरतात. टेकडीवर ‘ट्रेल रन’ लावावं आणि त्यातलं ‘रेकॉर्ड व्हीओटू मॅक्स’ बंद करावं. लोड मोजला जातोच. पावसाळ्यात ट्रेडमिलवर धावलात तर व्हीओटू मॅक्स मोजला जात नाही, लोड धरला जातो. फक्त शेवटी ‘कॅलिब्रेट अँड सेव्ह’ करायला विसरू नये. संध्याकाळचं बॅडमिंटनही घड्याळात नोंदवावं, नाहीतर त्याच्या मते तुम्ही सोफ्यावर होतात. दिवाळीच्या साफसफाईचं मात्र कुठलंही प्रोफाइल अजून निघालेलं नाही.

झोपेपाशी ही सोय नोकरदाराशी सर्वात कडक वागते. एचआरव्हीची बेसलाइन (आपली नेहमीची पातळी) बसायला तीन आठवडे रात्रीही घड्याळ घालावं लागतं. ती बसली की साडेपाच तासांच्या झोपेनंतर कठीण वर्कआउट बहुतेक वेळा सौम्य होतो. एखाददुसऱ्या दिवशी हे बरोबरच आहे. पण बदलापूर किंवा विरारहून रोज ये-जा करणाऱ्याची झोप कायमच साडेपाच तास असते, आणि मग सगळा आठवडा बेस-बेस-बेस असा जातो. तिथे आपला एक नियम लावावा: आठवड्यात एक थ्रेशोल्ड व्हायलाच हवा. गुरुवारपर्यंत घड्याळाने तो दिला नसेल आणि अंगात ताप, घशात खवखव किंवा कुठे टोचणारं दुखणं नसेल, तर गुरुवारी तो स्वतःच करावा. कामाची पाळी (शिफ्ट) बदलणाऱ्यांनी झोपेच्या वेळाही सेटिंगमध्ये बदलाव्यात. पाळी बदलल्यावर पहिले काही दिवस घड्याळाच्या तयारीच्या आकड्याला फार किंमत देऊ नये.

आता रविवार. इथे ही सोय अपुरी पडते. लाँग रनचा वार निवडता येतो, पण सुचवलेली लांबी सहसा दोन-अडीच तासांच्या आतच राहते आणि सगळं धावणं एकाच सोप्या झोनमध्ये असतं. थकलेल्या पायांवर शर्यतीच्या वेगाने धावणं त्यात येतच नाही, आणि वेगवान मॅरेथॉनचा सगळा खेळ तिथेच असतो. शिवाय घड्याळ तुमच्या सध्याच्या लोडवरून पुढे सरकतं. आठवड्याला ३५ किलोमीटर धावणाऱ्याला ते हळूहळूच वाढवतं. सव्वातीन तासांसाठी भर मोसमात ६५ ते ८० किलोमीटर लागतात, म्हणून शर्यत कॅलेंडरमध्ये टाकण्याआधी निदान ५०पर्यंत पोचलेलं बरं.

रविवार आपण लिहायचा. कनेक्टमध्ये वर्कआउट बनवून त्या तारखेला कॅलेंडरमध्ये टाकला की घड्याळ तो पुढे करतं. ३:१५ म्हणजे किलोमीटरला ४:३७. सुरुवातीला २४ किलोमीटर निवांत, साडेपाच-पावणेसहाच्या वेगाने. दोन-तीन रविवारांनंतर २६, त्यातले शेवटचे ६ शर्यतीच्या वेगाने. मग सर्वात उपयोगी वर्कआउट: ३ किलोमीटर वॉर्मअप, ५ किलोमीटर ४:३७ने असं तीनदा, मध्ये एकेक किलोमीटर ५:१५ने, शेवटी २ निवांत, एकूण २२. मधला किलोमीटर चालत काढू नये, धावतच काढावा. तो मुद्दाम अर्धवट विश्रांतीचा आहे. त्यानंतर एकदा ३० निवांत आणि शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी ३२, त्यातले शेवटचे १० ते १२ ठरल्या वेगाने. तिथे ४:३७ धरवला नाही तर लक्ष्य तेव्हाच ३:२० करावं, शर्यतीत पेडर रोडसारख्या चढावर नव्हे.

एक अडचण राहते. तुम्ही रविवारी काय लिहून ठेवलंय ते घड्याळ आधी विचारात घेत नाही, धावून झाल्यावरच त्याला कळतं. म्हणून शनिवारी त्याने टेम्पो सुचवला तर सरळ नाकारावा आणि अर्धा तास सोपं धावावं. सोमवारी ते आपणहून आराम देतं, तो घ्यावा.

आठवड्याचे किलोमीटर भरायला बुधवारी घ्यायचं सव्वा ते दीड तासाचं मधलं लांब धावणं अनेकांना जमत नाही. मग सकाळी पन्नास मिनिटं आणि संध्याकाळी स्टेशनवरून घरी अर्धा तास धावत यावं. हे एका दमात धावण्याइतकं मोलाचं नाही, पण बुडवण्यापेक्षा खूप बरं. लॅपटॉप ऑफिसात ठेवता येत असेल तरच हे करावं. पाठीवर तीन किलो घेऊन धावल्याने कंबर बोलते.

खाण्याचा गजर हा या घड्याळातला दुर्लक्षित भाग. ‘रन’च्या अलर्ट्समध्ये ‘ईट’ अलर्ट दर २५ मिनिटांनी लावावा. २५ ग्रॅम कर्बोदकांची जेल (धावताना खायची गोड, दाट पुडी) धरली तर सव्वातीन तासांत सात, शिवाय सुरुवातीच्या दहा मिनिटं आधी एक, म्हणजे २०० ग्रॅम, तासाला साधारण ६०. हे पोटाला शिकवावं लागतं. निदान चार रविवार तीच जेल त्याच अंतराने घ्यावी आणि बरोबर साधं पाणी प्यावं. जेलवर इलेक्ट्रॉल किंवा गोड पेय घेतलं की पोट ढवळतं.

घड्याळाचा शर्यतीच्या वेळेचा अंदाज कमी किलोमीटर धावणाऱ्यांच्या बाबतीत हमखास गुलाबी असतो. त्यापेक्षा डिसेंबरात एखादी हाफ मॅरेथॉन जीव तोडून धावावी आणि त्या वेळेची दुप्पट करून १० ते १५ मिनिटं मिळवावीत. हाफ १:३३ असेल तर ३:१५च्या जवळपास जायला वाव आहे. १:३८ असेल तर यंदा ३:३० धरावे.

शर्यतीच्या दिवशीचा फसवा आकडा म्हणजे पडद्यावरचा सरासरी वेग. वळणं, गर्दीतून वाट काढणं आणि उंच इमारतींमुळे जीपीएसचं भरकटणं यामुळे घड्याळात ४२.२ ऐवजी ४२.५-४२.७ भरतात. ४२.६ भरले आणि सरासरी ४:३७ दिसली, तर अधिकृत वेळ ३:१६:४० होते. म्हणून पडद्यावर ४:३४ धरावा, किंवा ऑटो लॅप (दर किलोमीटरची आपोआप होणारी नोंद) बंद करून दर पाच किलोमीटरच्या पाटीशी हाताने लॅप दाबावा. पाच किलोमीटरला २३ मिनिटं ५ सेकंद. हे आकडे हातावर पेनने लिहिले तरी चालतात, घामाने पुसणार नाही असं पेन मात्र घ्यावं.

घड्याळ कोणतं घ्यावं? सूचना फोररनर १६५मध्येही मिळतात, पण त्यात ट्रेनिंग रेडिनेस (मघाचा तयारीचा आकडा) नाही आणि जीपीएस मल्टिबँड (एकाहून जास्त फ्रिक्वेन्सी वापरणारं, अधिक अचूक) नाही. २५५मध्ये मल्टिबँड आणि लोड फोकस (कोणत्या प्रकारच्या सरावाचा ताण किती, हे दाखवणारा भाग) आहे, रेडिनेस नाही. २६५मध्ये तिन्ही आहेत. ९६५मध्ये जास्तीचं म्हणजे मुख्यतः नकाशे. रस्त्यावरच्या मॅरेथॉनला त्यांचा फारसा उपयोग नाही. वापरलेलं २५५ चांगल्या स्थितीत मिळत असेल तर ते घ्यावं आणि वाचलेल्या पैशांत छातीचा पट्टा. रेडिनेसचा आकडा नसला तरी फार अडत नाही, रात्री किती झोपलो ते घड्याळाशिवायही कळतं.