अ‍ॅटकिन्सन बॉर्डरर: इंजिनला पाच स्टार, केबिनला दोन (तेही दिसण्याचे)

अ‍ॅटकिन्सन बॉर्डरर म्हणजे १९७० च्या दशकातला ब्रिटिश मालवाहू ट्रक. दिसायला गाडी एक नंबर, त्यात वादच नाही. पुढे उघडा क्रोमचा रेडिएटर, त्यावर गोलातला मोठा ए, रस्त्यावरून जाताना कोणीही वळून बघणार. पण आत चढलात की कळतं की ही केबिन बनवताना ड्रायव्हरचा नंबर सगळ्यात शेवटी लागलाय.

लाकडाचा सांगाडा आणि वरून फायबर, आपल्याकडे चासी आणून बॉडीवाल्याकडून लाकडी केबिन बांधून घ्यायचे तसाच प्रकार. केबिन पुढे कलत नाही, त्यामुळे इंजिनचं काही काम निघालं की आत बसूनच मधलं झाकण उचलायचं. ते झाकण बरोबर दोन सीटच्या मधे, डावी मांडी भाजतेय आणि दाराच्या फटीतून उजव्या पायाला गार वारा लागतोय, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडायचं. आणि त्या काळात दुसरं काही नव्हतं असंही नाही हां, लेलँडची कलणारी अर्गोमॅटिक केबिन १९६४ लाच आलेली, व्होल्वो एफ८८ १९६५ ची. पण फायबर गंजत नाही, वजनाला हलकं, म्हणजे तेवढा माल जास्त भरता येतो. गाडी घेणार मालक, बसणार ड्रायव्हर, मग दुसरं काय होणार!

आता इंजिन, म्हणजे गार्डनर १८०. साडेदहा लिटर, सहा सिलिंडर, १८५० आरपीएमला १८० हॉर्सपॉवर, डिझेल कमी पितं आणि वर्षानुवर्षं चालतं. मी जुन्या ट्रकच्या मेळाव्याच्या मैदानात रिकामी चालवली, त्या गाडीला डेव्हिड ब्राउनचा सहा गिअरचा बॉक्स होता, सिंक्रो (गिअरचा वेग आपोआप जुळवणारी सोय) वगैरे लाड नाहीत, डबल क्लच मारायचा, म्हणजे न्यूट्रलला क्लच सोडून पुन्हा दाबायचा. वरचा गिअर टाकताना न्यूट्रलला येऊन चक्क वाट बघायची कारण या इंजिनचे आरपीएम निवांत उतरतात, जरा घाई केली की खर्रर्र, आणि मैदानातली दहा माणसं आपल्याकडे बघतात. पण एकदा ताल जमला की लीव्हर अलगद आत जातो, खरंच भारी वाटतं. ३२ टन घेऊन उत्तर इंग्लंडमधला शॅपचा घाट चढणाऱ्यांना मात्र दंडवत, टनाला साडेपाच हॉर्सपॉवर, त्यात गिअर बदलताना वाट बघत बसलात की गाडी बसलीच.

कोणी घ्यायचा विचार करत असेल तर रंगावर जाऊ नका, दार उघडून बिजागऱ्यांपाशी लाकूड बोटाने दाबून बघा, फायबर चकाचक असतं आणि आतलं सगळं कुजलेलं.