झाडांच्या कामासाठी जुना स्किड स्टीअर लोडर: अकरा महिन्यांनंतर

स्किड स्टीअर, म्हणजे पुढे बकेट किंवा पंजा लावायचं, जागच्या जागी वळणारं छोटं यंत्र, घेण्याआधी मी एकच गोष्ट बरोबर केली, टेप घेऊन हिंडलो. बडोद्यात आमचा झाडं उतरवण्याचा, छाटणीचा आणि बगीचे लावून देण्याचा धंदा आहे. मागच्या दोन वर्षांत जिथे काम केलं त्यांतली ४० ठिकाणं निवडून फाटकं आणि बाजूच्या वाटा मोजल्या. अलकापुरीतल्या जुन्या बंगल्यांचं फाटक दहा फुटी असतं, पण अडचणीचं झाड नेमकं मागच्या आवारात, आणि तिथे जायची वाट साडेपाच-सहा फूट. त्यातही मध्येच बोअरचा पाइप नाहीतर तुळशीवृंदावन. वाघोडिया रोडच्या टेनामेंटची बाजूची गल्ली तीन-सव्वातीन फूट. सेवासी, सिंधरोटकडच्या फार्महाऊसवर मात्र हत्ती न्या. हिशेब असा निघाला की सव्वापाच फूट रुंदीचं यंत्र ४० पैकी २६ ठिकाणी आत जाईल. उरलेल्या १४ ठिकाणी कुठलंच बसून चालवायचं यंत्र जाणार नव्हतं, तो विषय तिथेच सोडला.

लोडर घ्यायचं डोक्यात आलं ते ऑगस्ट २०२४च्या पुरानंतर. विश्वामित्री नदी सोसायट्यांत शिरली, मगरी अंगणात आल्या, ते फोटो सगळ्यांनी पाहिले. पाणी ओसरल्यावर आम्हाला आलेले फोन मगरींचे नव्हते, आडव्या झालेल्या झाडांचे होते. भाड्याने जेसीबी मागवला. साडेसात टनांचं ते धूड सोसायटीत शिरलं आणि पहिल्याच वळणावर पेव्हर ब्लॉक खचले, गटाराचं झाकण गेलं. नुकसान भरून दिलं आणि पुढचे नऊ दिवस पोरांनी ओंडके खांद्यावरून काढले. त्यात दोघांची कंबर धरली.

मग जानेवारी २०२५मध्ये जुना स्किड स्टीअर घेतला. इंजिन ५० एचपीच्या आसपास, वजन २.४ टन, बकेट ६२ इंची. मीटरवर तेव्हा २,१४० तास होते, आज २,७९० आहेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्या बऱ्याचशा विकणाऱ्याच्या आणि निम्म्याहून जास्त माझ्याच आहेत.

बाकीचे पर्याय का नाही घेतले ते थोडक्यात. रबरी पट्ट्यांचा ट्रॅक लोडर आपल्या काळ्या मातीत उत्तम, पण पट्टे आणि खालचे रोलर बदलायची वेळ आली की खिसा रिकामा. मधोमध सांध्यावर वळणारा आर्टिक्युलेटेड लोडर लॉनवाल्या कामासाठी खरं तर सगळ्यांत योग्य, वळताना गवत ओरबाडत नाही. पण जुना मिळेना, आणि नवा घेऊन सुट्या भागांची वाट बघत बसायची माझी तयारी नव्हती. (हालोलला २०२२ साली ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या हस्ते जेसीबीचा कारखाना सुरू झाला तेव्हा आमच्याकडे सगळ्यांना वाटलं, आता यंत्रं दारात मिळणार. तिथे बनतात ते सुटे भाग, आणि तेही जगभरच्या कारखान्यांसाठी.)

आता माहितीपत्रकातल्या आकड्याबद्दल, कारण इथे नवखा माणूस हमखास फसतो. माझ्या यंत्राची उचलण्याची क्षमता ६५० किलो लिहिलेली आहे. चाकांच्या स्किड स्टीअरला हा आकडा यंत्र ज्या वजनाला पुढे कलंडतं त्याच्या निम्मा धरतात, म्हणजे हे १,३०० किलोला नाक टेकणार. ट्रॅकवाल्यांना ३५ टक्के धरतात, त्यामुळे दोन पत्रकं शेजारी ठेवून तुलना करताना गफलत होते. दुसरं म्हणजे हा आकडा बकेट लावून मोजलेला असतो. आम्ही लावतो ग्रॅपल, पोरांच्या भाषेत पंजा, तो बकेटपेक्षा ११० किलो जड. उरले ५४०. त्यात ओंडका बकेटमधल्या मातीसारखा जवळ बसत नाही, पुढे लोंबतो.

ओंडक्याचं वजन काढायची आमची रीत सोपी आहे. घेर फुटांत मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं, साडेबाराने भागायचं. आले ते घनफूट. ओलं लाकूड साधारण पाण्याइतकंच जड धरायचं, म्हणजे घनफुटाला २८ किलो. सहा फूट घेराचा, सहा फूट लांबीचा तुकडा घ्या: सव्वासतरा घनफूट, ४८४ किलो. माझ्या यंत्राची हीच हद्द. हे कळायच्या आधी एका कडुनिंबाचा आठ फुटी तुकडा उचलायला गेलो आणि मागची चाकं अलगद वर आली. ऑपरेटर दाहोदकडचा, पंधरा वर्षांचा अनुभव, घाबरला नाही, पंजा सावकाश जमिनीला टेकवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "शेठ, करवतवाल्याला सांगा, सहा फुटांचेच पाडायचे." आता करवतवाल्याच्या खिशात खडू आणि दोरी असते.

पंजा हाच या यंत्राचा प्राण आहे. बकेट आम्ही महिन्यातून दोनदा लावतो, माती-खत पसरायला. पंजाचा वरचा जबडा बंद झाला की डहाळ्यांचा अख्खा भारा, ज्याला चार पोरांच्या सहा फेऱ्या लागायच्या, एका खेपेत फाटकाबाहेर. ट्रॉली भरायची, वखारीत पाठवायची. तिथे भाव मणावर ठरतो, आणि इथला मण वीस किलोचा, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना हे दरवेळी समजावून सांगावं लागतं. माझं यंत्र रेडियल लिफ्टचं, म्हणजे हात गोलाईत वर जातो आणि पूर्ण वर गेला की मागे सरकतो. ट्रॉली भरायला ठीक, पण उंच फळ्यांच्या ट्रकच्या मधोमध ओंडका ठेवता येत नाही. तुमचं बरंचसं काम ट्रक भरायचं असेल तर व्हर्टिकल लिफ्टचंच, म्हणजे हात जवळपास सरळ वर जाणारं, बघा.

आता चूक. विकणाऱ्याने सोबत जुना स्टंप ग्राइंडर दाखवला, बुडखे भुसा करून टाकणारा. "सगळ्या यंत्रांना चालतो," म्हणाला. पावणेतीन लाख दिले. घरी आणून पहिल्याच बुडख्याला लावला तर चाक लाकडाला टेकलं की गुरगुरत थांबायचं. नंतर एका हायड्रॉलिकच्या मिस्त्रीने मकरपुऱ्यात चहा पिता पिता गणित मांडलं: मिनिटाला जितकं लिटर हायड्रॉलिक तेल जातं त्याला बारमधल्या दाबाने गुणा, ६००ने भागा, आले किलोवॉट. माझं यंत्र ६५ लिटर देतं, २०० बार. म्हणजे २१-२२ किलोवॉट, २९ एचपी, आणि तेही कागदावर. मोटरपर्यंत पोचेतो आणखी कमी. या ग्राइंडरला हवं होतं मिनिटाला शंभराच्या वर तेल, ज्याला हाय फ्लो म्हणतात. इंजिन ५० एचपीचं आहे म्हणून पुढच्या जोडणीला ५० एचपी मिळत नाही, हे मला पावणेतीन लाखांत कळलं. पंजाला मात्र साधा फ्लो पुरून उरतो.

बुडख्यांचं काम तरीही झालं, दुसऱ्या वाटेने. सप्टेंबर २०२३मध्ये गुजरातच्या वनखात्याने कोनोकार्पसची झाडं लावायला आणि रोपवाटिकेत वाढवायला मनाई केली. परागकणांचा त्रास आणि गटारं, केबलींत शिरणारी मुळं ही कारणं. ज्या सोसायट्यांनी दहा वर्षांपूर्वी हौसेने कुंपणाला ती रांग लावली, त्याच आता काढायला बोलावतात. नुसतं कापलं तर महिन्याभरात बुडख्यातून पुन्हा झुपके. आधी आम्ही जमिनीलगत कापायचो आणि मग खाली मुळाशी झटत बसायचो. आता करवतवाल्याला सांगतो, कंबरेएवढा ठेव. बाजूची मुळं कुदळीने तोडायची, पंजात तो कंबरेएवढा खुंट धरायचा, यंत्र हळूच मागे-पुढे. तरफच मिळते ना हातात! मनगटाएवढं खोड दातासारखं निघतं. मांडीएवढं झालं तर हट्ट करायचा नाही, एकदा तसा हट्ट केला आणि पंजा कलवणाऱ्या सिलिंडरचा रॉड वाकवून बसलो. तीन दिवस यंत्र उभं.

लॉनचं दुखणं खरं आहे. स्किड स्टीअरला स्टिअरिंग नसतं, एका बाजूची चाकं थांबवून दुसऱ्या बाजूची फिरवायची, म्हणजे वळताना चारही चाकं जमीन खरवडतात. एका आजींच्या बंगल्यात सोनमोहर काढायचा होता. ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, तो रणगाडा माझ्या हिरवळीवरून नेऊ नका हं. नेलात तर तुमच्या बाबांना सांगेन." माझं वय अठ्ठेचाळीस. १८ एमएमच्या प्लायवुडचे बारा तक्ते अंथरले, वळायचं ते फक्त फरशीवर, हिरवळीवर सरळ पुढे आणि सरळ मागे. गवत वाचलं, पण तक्ते उचलून पुढे टाकायला दोन माणसं दिवसभर अडकली. ती मजुरी आता दरात धरतो. आणि पाऊस पडल्यावर वाफसा येईपर्यंत काळ्या मातीत यंत्र उतरवतच नाही. जूनमध्ये पादऱ्याजवळ उतरवलं होतं, काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागला.

तिथेच वेड्या बाभळीची, इकडचे लोक गांडो बावळ म्हणतात त्याची, झुडपं काढली. दोन दिवसांत पाच पंक्चर. काटा टायरच्या बगलेतून जातो, ठिगळ टिकत नाही. शेवटी चारही टायरांत फोम भरून घेतला. पंक्चरचा प्रश्न संपला, वजन वाढलं आणि बसणाऱ्याच्या मणक्याला प्रत्येक खडा कळू लागला. ऑपरेटरने घरून गोधडीची घडी आणली आहे.

झाडांच्या कामात एक गोष्ट बांधकामवाले सांगणार नाहीत: पाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ, सगळा पाचोळा मागच्या जाळीतून आत जातो. रेडिएटर चोंदतो, तो दिसतो तरी. पोटाखालच्या पत्र्यावर साचतो तो दिसत नाही. एका दुपारी जळक्या पाल्याचा वास आला, मला वाटलं शेजारी कोणी कचरा पेटवला. मागचं दार उघडलं तर सायलेन्सरखाली वीतभर थर, काठाला निखाऱ्यासारखा लाल. पाण्याचा कॅन ओतला आणि निभावलं. तेव्हापासून दुपारी जेवणाआधी आणि संध्याकाळी ब्लोअर, शनिवारी खालचा पत्रा उघडायचा. अग्निशामक सिलिंडर सीटमागे. पुढच्या उघड्या बाजूला जाळीचं दारही लावून घेतलं, कारण ताणलेली फांदी सुटली की सरळ छातीवर येते.

एक फजिती चढवतानाची. रिकाम्या स्किड स्टीअरचं वजन मागच्या बाजूला असतं, म्हणून आयशर ट्रकवर चढवताना रिव्हर्समध्ये चढवायचं, जड बाजू चढाकडे. ऑपरेटर सुट्टीवर होता, मी शहाणपणा करून तोंड पुढे करून चढवायला गेलो. पुढची चाकं हवेत, समोर फक्त आभाळ. रॅम्पवरून हळूहळू मागे घेतलं आणि खाली उतरून रस्त्याकडेलाच बसलो, बराच वेळ.

विकणाऱ्याने "चेनकेस कोरा आहे" असं शपथेवर सांगितलं होतं. चेनकेस म्हणजे चाकं फिरवणाऱ्या चेनची तेल भरलेली पेटी. पहिल्या सर्व्हिसला प्लग उघडला तर तेल दुधट, पाणी शिरलेलं. एका बाजूची चेन बदलली, ६८ हजार. जुनं घेताना तो प्लग समोर उघडायला लावा, कां-कूं केली तर चहा पिऊन घरी या. डिझेल तासाला साडेचार लिटरच्या आसपास जातं. पंजाचे होज पाइप फांद्यांनी दोनदा फाडले, आता त्यांवर जुन्या फायर होजचं आवरण चढवलंय. माझ्या ६५० तासांत माणसं कमी झाली नाहीत, पण तीच पोरं आता वर दोरावर छाटणी करतात आणि दिवसाला एकाऐवजी दोन झाडं उतरतात.

आज पुन्हा घ्यायचं झालं तर हीच रुंदी, हाच वर्ग, व्हर्टिकल लिफ्ट, आणि पंजा पहिल्या दिवसापासून. ग्राइंडर अजून शेडमध्ये आहे. मांजरीने त्याच्या आडोशाला पिलं घातली आहेत, ती हिंडायला लागली की विकायला काढतो.