चिपळूणचे वाइंडिंगवाले काका, आणि ५८ ला माणूस घरी पाठवायचा हट्ट

ऐन मे महिन्यात बावीवरची (विहिरीवरची) एक एचपीची मोटर जळली. आमच्या गुहागर साइडला संध्याकाळी व्होल्टेज किती पडतं ते इथल्या माणसाला सांगायला नको, आणि पोफळींना त्या उन्हात पाणी चुकवून चालत नाही. सर्व्हिस सेंटरवाल्याने मोटर उघडून न बघताच सांगितलं की नवीन घ्या, रिपेअर परवडणार नाही. मग वाडीतल्या एका दादाने चिपळूणचा पत्ता दिला, बहादूरशेख नाक्यावरून आत गल्लीत, दुकानाला पाटी नाही, वाइंडिंगवाले (मोटरीतली तारेची गुंडाळी नवीन भरून देणारे) काका कुठे म्हणून विचारायचं, कोणीही दाखवतं.

दुकानात दोन काका, दोघंही लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते, दोघंही ५८ पूर्ण होताच रिटायर. मोठे आता ६६ चे आहेत. सोबत आयटीआय केलेला एक मुलगा. मोठ्या काकांनी शाफ्ट हाताने फिरवला, कान जवळ नेला आणि म्हणाले, "बाळा, बेअरिंग आधी गेलंय, मोटर जाम होऊन मग वाइंडिंग जळलंय, मी नुसतं वाइंडिंग भरून दिलं तर महिन्याभरात परत येशील." उघडल्यावर अगदी तसंच निघालं.

काम मी बराच वेळ बसून बघितलं. जुनी कॉइल कापून फेकायच्या आधी फेरे मोजले, तारेचं गेज म्हणजे जाडी मायक्रोमीटरने बघितली, सगळं वहीत लिहिलं. स्लॉटमध्ये नवीन पेपर, तार तांब्याचीच आणि जुन्याच गेजची. बरेच जण बारीक तार नाहीतर ॲल्युमिनियम भरून देतात, मोटर चालते पण तापते, आणि गिऱ्हाइकाला ते कळायला पुढचा उन्हाळा यावा लागतो. वार्निश केल्यावर ओव्हनमध्ये नीट सुकवून, मेगर (करंट कुठे गळतो का ते बघायचं मीटर) लावून, पाण्यावर चालवून मगच हातात दिली. कंडेन्सर आणि सील पण बदललं. सगळे मिळून २२०० रुपये, ६ महिन्यांची तोंडी गॅरंटी. पाऊस संपून पुन्हा शिंपणं सुरू झालं तरी मोटर गार चालतेय.

आता खरं बोलायचं ते हे, की अशा माणसाला कंपनीने जन्मतारीख बघून घरी का पाठवावं? काका गेल्यावर तिथे पर्मनंट माणूस घेतलाच नाही, काँट्रॅक्टर लावला, आणि एखादी मोटर अडली की फोन अजून काकांनाच येतो. जुने गेल्याशिवाय पोरांना नोकऱ्या कुठून मिळणार असं लोक म्हणतात, मी पण ऐकत आलोय, पण इथे काकांची जागा कुठल्या पोराला मिळाली ते मला कोणी दाखवावं. उलट दुकानातला तो मुलगा काकांच्या शेजारी बसून शिकतोय, जड पंप तो उचलतो आणि दोष कुठे आहे ते काका सांगतात, असं कंपनीत का जमू नये?

आणि ५८ हा आकडा काही डॉक्टरने तपासून ठरवलेला नाही. आपल्या राज्य सरकारात क्लार्क ५८ ला रिटायर होतो आणि त्याच ऑफिसातला शिपाई ६० ला. केंद्राचं वय १९९८ मध्ये ६० झालं, म्हणजे पोस्टातला माणूस आणखी २ वर्षं काम करू शकतो. प्रायव्हेटमध्ये तर सगळ्यांना लागू असा एकच कायदाच नाही, कंपनीचे नियम नाहीतर नेमणुकीच्या पत्रात जे लिहिलंय ते. अमेरिकेने १९८६ मध्येच बहुतेक नोकऱ्यांमधून वयावरून सक्तीने घरी पाठवणं बंद केलं, ब्रिटनने २०११ मध्ये. जपानमध्ये कामगाराची इच्छा असेल तर कंपनीला ६५ पर्यंत काम द्यावं लागतं. आपल्याकडे पायलटसुद्धा मेडिकल पास होत ६५ पर्यंत विमान चालवतो, मग मोटर भरणाऱ्याला ५८ ला कसली भीती? मेडिकल करा, वर्षावर्षाने मुदत वाढवा, काम जमत नसेल तर स्पष्ट सांगा.

पण ज्याला थांबायचंय त्याला थांबता आलंच पाहिजे, हे पण तेवढंच खरं. केमिकल प्लांटमध्ये शिफ्ट करून गुडघे आणि छाती गेलेली माणसं आमच्या भागात कमी नाहीत, त्यांना आणखी राबवणं पाप आहे. तिथे पेन्शनचा प्रश्न येतो. १९९५ च्या पीएफ पेन्शन योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपये आहे, एवढ्यात गॅस सिलिंडर घेतला की औषधाला काय उरतं? धाकटे काका मला म्हणाले की मला घरी बसायला आवडलं असतं रे, पण बसून भागत नाही. ते ऐकून फार वाईट वाटलं, कारण मोठे काका हौसेने येतात आणि धाकटे गरजेपोटी, आणि कंपनीने दोघांना विचारलं काहीच नव्हतं.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणातल्या मोटरी चिखलाने भरल्या होत्या, तेव्हा यांनी कित्येक मोटरी नुसत्या गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून, मेगर बघून परत दिल्या, वाइंडिंगचे पैसे लावले नाहीत, असं बाजारातले दुकानदार अजून सांगतात. घाबरलेलं गिऱ्हाईक मागाल तेवढे पैसे देत होतं त्या वेळी.

तक्रारी पण सांगतो. फोन उचलत नाहीत, हातात काम असतं. दुपारी १ ते ४ बंद. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, जड पंप असेल तर सोबत माणूस न्या. आज देऊन आज संध्याकाळी मिळेल अशी अपेक्षा धरू नका, वार्निश सुकल्याशिवाय ते मोटर सोडत नाहीत. मे मध्ये गर्दी फार असते, त्यामुळे मोटर आवाज करायला लागली की फेब्रुवारी-मार्चमध्येच दाखवून घ्या. माझ्याकडून ५ पैकी ५.