तीन फूट ते चार फूट: जळगाव जिल्ह्यातल्या एका वॉटर पार्कमध्ये लहान मुलांसह एक दिवस

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली माझी बहीण सासरी परतण्यापूर्वी सगळ्या मुलांना घेऊन एक दिवस कुठेतरी जावे, असे घरात ठरले आणि ‘कुठेतरी’ या शब्दाचा अर्थ माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याने परस्पर ‘वॉटर पार्क’ असा लावून टाकला. मी, पत्नी, बहीण, आई, भाचा, सहा वर्षांची मुलगी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा असे आम्ही सातजण मे महिन्यातल्या एका मंगळवारी निघालो. जळगाव जिल्ह्यात महामार्गापासून थोडे आत, केळीच्या बागांना लागून असलेल्या या उद्यानाचे नाव मी देत नाही, कारण एका दिवसाच्या अनुभवावरून कोणाच्या धंद्यावर शिक्का मारणे मला बरे वाटत नाही. मात्र लहान मुले बरोबर असलेल्या पालकांनी तिकीट काढण्यापूर्वी काय पाहावे, हे सांगण्यासारखे बरेच आहे.

सुरुवात तिकीट खिडकीपासूनच करतो. पाटीवर मोठ्यांसाठी ७०० रुपये, तीन ते चार फूट उंचीच्या मुलांसाठी ५५० रुपये, तीन फुटांखालील मुलांना प्रवेश मोफत आणि पाण्यात न उतरणाऱ्या ‘प्रेक्षकां’साठी ३०० रुपये असे दर होते. आईने खिडकीतल्या मुलाला विचारले, “नुसतं देखानाबी पैसा लागतस का रे भाऊ?” तो हसला, पण तीनशे रुपये घेतलेच. भाचा चार फुटांच्या वर असल्याने त्याचे तिकीट मोठ्यांचे लागले. एकूण ४,२०० रुपये होतील असा माझा हिशेब होता. पावती हातात पडली ती ४,९५६ रुपयांची, कारण १८ टक्के जीएसटी पाटीवरच्या दरात धरलेला नव्हता. कर असणे गैर नाही. २०१७ साली अशा उद्यानांवर तो २८ टक्के होता आणि २०१८च्या जानेवारीत १८वर आणला गेला, त्यामुळे आजचा ग्राहक त्या मानाने सुटलाच म्हणायचा. परंतु पाटीवर एक आकडा आणि पावतीवर दुसरा, हे मला पटले नाही. ‘कर वेगळा’ असे शब्द पाटीच्या तळाशी होते, ते मला पैसे देऊन झाल्यावर वाचता आले.

आत शिरताच डाव्या हाताला पत्र्याचा एक जिराफ उभा होता आणि त्याच्या मानेवर फूट-इंचांच्या खुणा रंगवलेल्या होत्या. तिथल्या मुलाने माझ्या मुलीला चपला काढायला लावून जिराफाशी पाठ टेकवून उभे केले आणि तिच्या डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरली. तिने श्वास रोखून टाचा हळूच वर केल्या. त्याने काही न बोलता पायाच्या अंगठ्याने तिच्या टाचांकडे खूण केली. टाचा खाली आल्या आणि पट्टी तीन फूट आठ इंचांवर, म्हणजे सुमारे ११२ सेंटिमीटरवर थांबली. धाकट्याची उंची तीन फूट दोन इंच भरली. दोघांच्याही मनगटाला पिवळे पट्टे बांधले गेले, भाच्याला निळा मिळाला. पिवळा पट्टा म्हणजे नेमके काय, हे पुढच्या अर्ध्या तासात प्रत्येक खेळाच्या दारात आम्हाला एकेकदा समजावून सांगण्यात आले.

नकाशावर पाण्यातले आणि कोरडे मिळून २२ खेळ दाखवलेले आहेत. त्यांपैकी चार फुटांखालच्या मुलांना सहाच खेळता येतात, आणि आम्ही गेलो त्या दिवशी या सहांपैकी दोन दुरुस्तीसाठी बंद होते. उरलेले चार म्हणजे छोटी आगगाडी, घोड्यांचा गोल पाळणा, बुटकी घसरगुंडी असलेले गुडघाभर पाण्याचे टाके आणि रबरी गाद्यांवर उड्या मारण्याचे जाळीबंद घर.

उंचीच्या नियमाविषयी माझी तक्रार मुळीच नाही, हे आधी स्पष्ट करतो. आखाजीला कडुनिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर आम्ही कसलाही पट्टा न बांधता उंच गेलो आणि अमळनेरच्या यात्रेत बोरी नदीच्या वाळवंटात आकाशपाळण्यात चुलतभावाच्या मांडीवर बसून फिरलो. त्यामुळे असा नियम दिसला की आमच्या पिढीतला बाप ‘मी धरून बसतो ना’ असे म्हणायला पुढे होतो. मोठ्यांच्या एका पाळण्यापाशी मीही झालो. तेव्हा त्या खेळावरच्या माणसाने मला पाळण्यात बसवले, शेजारी मुलीला बसवले आणि मांडीवर येणारा लोखंडी दांडा खाली ओढून दाखवला. दांडा माझ्या मांडीवर टेकून थांबला आणि मुलीच्या अंगापासून तब्बल वीतभर वर राहिला. “भाऊ, हा दांडा तुम्हाला धरतो, तिला नाही,” एवढेच तो म्हणाला. अशा पाळण्यात मूल खालून सरकून बाहेर पडू शकते, आणि वेगात असताना बापाच्या हाताला ते आवरत नाही. कोणाच्याही आर्जवाला न बधता हा माणूस दिवसभर तेच उत्तर देत होता. या उद्यानातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच.

तक्रार आहे ती दराची. तीन फुटांपासून पैसे सुरू होतात आणि खेळ चार फुटांपासून. मधल्या या एका फुटात मुले साधारणपणे अडीच-तीन वर्षांपासून सात-आठ वर्षांपर्यंत असतात, म्हणजे ज्या वयात मूल अशा ठिकाणी जाण्यासाठी घर डोक्यावर घेते, नेमके तेच वय. माझ्या दोन मुलांचे करासह १,२९८ रुपये लागले आणि त्यांना चार खेळ मिळाले; भाच्याचे ८२६ रुपये लागले आणि त्याच्यासाठी मोठ्यांचे सगळे खेळ खुले होते. मोठ्यांच्या तिकिटाच्या जवळजवळ ऐंशी टक्के रक्कम घ्यायची आणि खेळ एक पंचमांशही द्यायचे नाहीत, हे गणित कसेही मांडले तरी जुळत नाही. लहानांच्या विभागाचे वेगळे, दोनशे-अडीचशे रुपयांचे तिकीट ठेवले तर आमच्यासारखी कुटुंबे वर्षातून दोनदा येतील. आज ती एकदा येतात आणि परत जाताना गाडीत हिशेब करतात.

आता लहानांच्या टाक्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मुलांचा बहुतेक दिवस तिथेच गेला. पाणी दीड फुटापेक्षा खोल नाही, कडा गोल केलेल्या आहेत, तळाला घसरू नये म्हणून खरबरीत रंग दिलेला आहे आणि शिट्टी घेतलेली एक ताई सतत पाण्याकडे तोंड करून उभी असते. आम्ही होतो तेवढ्या वेळात तिने मोबाइल हातात घेतलेला मला दिसला नाही. वरून हिरवे शेडनेट आहे, पण ते अर्ध्याच टाक्यावर. सकाळी पाणी स्वच्छ आणि सुखद होते. दुपारी बारानंतर मात्र ते कोमट झाले आणि नाकाला झोंबणारा वास येऊ लागला. हा वास क्लोरीन जास्त झाल्याचा, असे आपण समजतो; प्रत्यक्षात क्लोरीनचा घामाशी आणि लघवीशी संयोग होऊन जे क्लोरामाइन तयार होते, त्याचा तो असतो आणि डोळेही त्यानेच चुरचुरतात. त्यातच खान्देशचे ऊन उघड्या पाण्यातले क्लोरीन झपाट्याने संपवते. उथळ टाक्यात पाणी कमी, ऊन भरपूर आणि शी-शूचे नीट न सांगणारी पंधरा-वीस पोरे, म्हणजे सर्वांत जास्त काळजी घ्यावी असे पाणी तेच. मी त्या ताईंना विचारले तेव्हा त्यांनी कुरकुर न करता तपासणीची पेटी आणून दाखवली. कुपीत पाणी घेऊन थेंब टाकले की पिवळा रंग येतो आणि तो पेटीवरच्या रंगांशी ताडून पाहायचा. पाण्याच्या दहा लाख भागांत एक ते तीन भाग मोकळे क्लोरीन असावे, असे साधारणपणे मानतात. कुपीतला रंग अगदी फिका, एकच्याही खालचा होता. त्यांनी लगेच वॉकीटॉकीवरून कळवले, मुलांना बाहेर काढले आणि अर्धा तास टाके बंद ठेवले. टाके बंद झाले म्हणून रडणाऱ्या मुलांमध्ये माझा मुलगाही होता, पण मला समाधान वाटले. फक्त ही तपासणी कोणी विचारण्याआधी व्हायला हवी होती.

उन्हाविषयी जळगावकरांना काही नवे सांगायला नको. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकणाऱ्या प्रदेशात वॉटर पार्क काढणाऱ्याने एका खेळापासून दुसऱ्या खेळापर्यंतच्या वाटेचा विचार पाण्याइतकाच करायला हवा, आणि तो येथे केलेला नाही. पाण्याच्या भागात चपला घालू देत नाहीत. वाट फरशीची आहे आणि बाराच्या सुमारास ती तव्यासारखी तापते. माझी मुलगी एका झाडाच्या सावलीतून दुसऱ्या सावलीत, एका पायावर उड्या मारत जात होती आणि मधे सावली नसलेल्या आठ-दहा पावलांच्या पट्ट्याशी येऊन थांबली. तिथून तिला उचलून नेले. आमच्या मागून आलेल्या एका आजोबांनी खांद्यावरचा ओला टॉवेल फरशीवर टाकून त्यावरून नातवाला चालवले, मग टॉवेल उचलून पुन्हा पुढे टाकला आणि याप्रमाणे सबंध वाट पार केली. पाण्याचा पाइप घेतलेला एक कर्मचारी फरशी भिजवत फिरतो, पण तो एका टोकाला पोहोचेपर्यंत दुसरे टोक कोरडे झालेले असते. ओले गोणपाट अंथरले असते तरी काम भागले असते.

लाटांच्या तलावाविषयी भाच्याचे मत असे की बाकी सगळे बंद ठेवले तरी चालेल. भोंगा वाजतो, लाटा सुरू होतात आणि सगळे ओरडतात. धाकटा मात्र भोंग्याला इतका घाबरला की नंतर दर वेळी तो वाजताच माझ्या मानेला घट्ट मिठी मारू लागला. अहिराणी गाण्यांवरच्या रेन डान्सचा आवाज टाक्यापर्यंत येतो आणि तिथे बोललेले ऐकू येत नाही. शिट्टी घेतलेल्या ताईंची शिट्टीसुद्धा.

पाण्यात उतरण्यासाठी नायलॉनचेच कपडे लागतात. सुती कपड्यांचे धागे सुटून गाळणीत अडकतात आणि भिजलेला सुती कपडा अंगाला जड होतो, ही कारणे योग्यच आहेत. पोशाख भाड्याने शंभर रुपयांना मिळतो, त्यावर दोनशे अनामत, ती परत मिळते. परंतु नऊवारी नेसलेल्या माझ्या आईला टाक्याच्या काठावर बसून पाय पाण्यात सोडण्याचीही परवानगी नव्हती. तीनशे रुपये दिलेल्या प्रेक्षकांसाठी बाके आहेत ती सिमेंटची, टाक्यापासून लांब आणि अकरानंतर पूर्ण उन्हात. आई शेवटी चप्पल-स्टँडच्या छपराखाली बसली आणि तिथल्या मुलाशी गप्पा मारत तिने दिवस काढला. लहान मुलांबरोबर आजी-आजोबा येतातच, नव्हे, आईबापांपैकी एकजण मोठ्या मुलाबरोबर गेला की धाकट्याला तेच सांभाळतात. त्यांच्यासाठी टाक्याजवळ सावलीत चार खुर्च्या ठेवायला फार खर्च येऊ नये.

बाहेरचे खाणे आत नेता येत नाही. आईने पहाटे उठून केलेल्या दशम्या, लसणाची चटणी आणि कैरीचे लोणचे असा डबा दारावरच्या माणसाने काढून ठेवायला सांगितला. धाकट्यासाठी दोन दशम्या तेवढ्या नेऊ दिल्या. आतल्या उपाहारगृहात शेवभाजी चांगली झणझणीत मिळते, भाकरी गरम असते आणि पिण्याचे थंड पाणी फुकट आहे. मोठ्यांची त्यामुळे चैन झाली. पण लहान मुलांना देता येईल असे साधे वरण-भात, दही किंवा उकडलेला बटाटा यांपैकी काहीही नव्हते. मुलीने केळे मागितले. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळवलेल्या जळगावच्या केळीच्या बागा कुंपणापलीकडे दिसत होत्या आणि उपाहारगृहातला माणूस म्हणाला, “केळी नाही ठेवत साहेब, चिप्स आहेत.” केळ्याचे वेफर्स असतील म्हणून मी पाकीट पाहिले. ते बटाट्याचे होते.

कपडे बदलण्याच्या खोल्या स्वच्छ होत्या, लॉकर व्यवस्थित चालतात. लहान मुलांच्या उंचीचे शौचालय मात्र कुठेच नाही, आणि वर क्लोरामाइनविषयी जे लिहिले त्याच्याशी याचा सरळ संबंध आहे.

निघताना मी कार्यालयात जाऊन दराबद्दल विचारले. तिथल्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले, सूचना वहीत लिहायला सांगितली आणि लहानांच्या वेगळ्या तिकिटाची मागणी याआधीही आल्याचे सांगितले. मी वहीची मागची पाने चाळली. तीन-चार पालकांनी अगदी हेच लिहिलेले होते.

एवढे असूनही कोणाला जायचे असेल तर मुलांची उंची घरीच भिंतीला लावून मोजावी, दार उघडताच, म्हणजे दहाला आत शिरावे आणि एकच्या आत बाहेर पडावे. सुट्टीचा दिवस टाळावा. मुलांना उन्हातून उचलून नेण्याइतकी माणसे बरोबर असावीत. घरातले सगळे चार फुटांच्या वर असतील तर पैसे वसूल होतात, यात शंका नाही. भाचा परतीच्या वाटेवर पुढच्या वर्षीचे बेत करत होता. आमचा विचार वेगळा आहे. या वयात मूल वर्षाला साधारण सहा सेंटिमीटर वाढते, म्हणजे मुलगी पुढच्या आखाजीला ११८ भरेल आणि चार फूट होतात १२२ला. लहानांचे स्वस्त तिकीट त्याआधी निघाले नाही, तर आम्ही एक उन्हाळा सोडून त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात जाऊ. तेव्हाही धाकट्याच्या मनगटाला पिवळाच पट्टा असणार आहे.