चंदेरी रंगाचं मास्टर सिलेंडर आणि माझे १३,४५० रुपये

पिकअपच्या ब्रेकच्या खोट्या कामात गेले तेरा हजार चारशे पन्नास रुपये. आठ हजार आधी आणि पाच हजार चारशे पन्नास काम झाल्यावर, दोन्ही फोनवरून. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण घरी मी अजूनही ‘आठ-नऊ हजार गेले’ असंच सांगितलं आहे. खरा आकडा तोंडातून निघत नाही.

माझी स्वतःची पिकअप आहे, चालवतोही मीच. काटोलकडची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात आणतो. फेब्रुवारीत मृग बहाराचा माल जोरात होता आणि नेमकं तेव्हाच ब्रेकचं पायडल नरम लागायला लागलं. एकदा दाबलं की खाली जायचं, दुसऱ्यांदा दाबलं की वर यायचं. आठवड्यात दोनदा ब्रेक ऑइल टाकलं. ऑइल कमी होतंय म्हणजे ते कुठूनतरी बाहेर पडतंय, एवढं मला कळायला हवं होतं. पण नेहमीच्या मिस्त्रीकडे तीन दिवसांचा नंबर होता आणि पहाटे चारला माल भरायचा होता. म्हणून फोनवर नंबर शोधून ‘घरपोच ब्रेक काम’ करणाऱ्याला बोलावलं.

त्यानं इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पायडल मारलं, पाय दाबून धरला आणि मला गाडी चालू करायला सांगितली. पायडल थोडं खाली गेलं. “पाहा भाऊ, चाललं ना खाली? बूस्टर गेलं, मास्टरही गेलं. भरल्या गाडीनं उतारावर काय कराल?” मास्टर म्हणजे पायाच्या दाबानं चाकांकडे ऑइल ढकलणारं सिलेंडर, आणि बूस्टर म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर, हवेच्या ओढीवर, पायाचा जोर वाढवणारा डबा. माझ्या पोटात गोळा आला. नंतर समजलं की चांगल्या बूस्टरची खूणच ती आहे. इंजिन चालू होऊन व्हॅक्यूम आलं की पायडल थोडं खाली जायलाच हवं. नाही गेलं तर बूस्टर किंवा त्याचा पाइप खराब. माझ्या गाडीतली धड गोष्टच त्यानं मला बिघाड म्हणून दाखवली. मास्टर तपासायचं तर पाय तसाच दाबून धरायचा आणि बाहेर कुठेही गळती नसताना पायडल हळूहळू बसत जातं का, ते पाहायचं. त्यानं तेवढा वेळ पाय ठेवलाच नाही.

मग मला ऑइल आणायला पाठवलं. “डॉट फोर ग्रेडचंच आणा, सील पाहूनच घ्या.” या एका वाक्यानं माझा विश्वास बसला. जाऊन यायला चाळीस मिनिटं लागली. परत आलो तोवर मास्टर आणि बूस्टर दोन्ही बसलेले, आणि बोनेटवर दोन रिकामे खोके. मिस्त्री काम करत असताना गाडीजवळून हलू नका. कशालाही पाठवलं तरी नाही म्हणा.

आता तो क्षण, जो रोज रात्री डोळ्यांसमोर येतो. मास्टरवर ऑइलचा एक ओघळ आला होता, तो मी अंगठ्यानं पुसला. अंगठा चंदेरी झाला आणि खालचा धातू काळपट, खड्डे पडलेला दिसला. ब्रेक ऑइल रंग खातं, हे मला ठाऊक आहे. माझ्याच गाडीच्या मडगार्डवर तसा डाग आहे. खोक्यातून निघालेल्या नव्या ॲल्युमिनियमच्या मास्टरला असा स्प्रेचा रंग कशाला असेल? मी विचारलंही, “रंग सुटतोय का हो?” तो म्हणाला, “कंपनीचं कोटिंग आहे भाऊ, वरवरचं.” आणि मी राहिलेले पैसे पाठवले. दोन तास तो उन्हात घाम गाळत होता, शेजारी पाहत उभे होते, बायको चहा घेऊन आली होती. अशा वेळी माणसाला चोर म्हणायला जीभ रेटत नाही. मी एकोणीस वर्षं गाडी चालवतोय, पण मास्टर कधी खोललं नव्हतं. ते माझं काम नाही.

तिसऱ्या दिवशी काटोल रोडला फेटरीजवळ पायडल थेट फ्लोअरला टेकलं. खालचा गिअर टाकून हँडब्रेक ओढला, ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे वीतभर अंतरावर गाडी थांबली. मास्टरला आत दोन कप्पे असतात. एका बाजूचं ऑइल गेलं तरी दुसऱ्यानं गाडी थांबावी, म्हणूनच. पण त्या भंगारात एकही कप्पा दाब धरत नव्हता.

घरी आणून चारही चाकं उतरवली. मागच्या डाव्या टायरची आतली बाजू ओली होती. ड्रम काढला, चाकातला ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलेंडरचं रबर बोटानं मागे सारलं, तर ऑइल टपकलं. रोग इथे होता, पहिल्या दिवसापासून इथेच! मागची दोन्ही व्हील सिलेंडरं ९६० रुपये, लायनर (ड्रमला घासणारी ब्रेकची पट्टी) ११५०, ऑइल ४२०. ऑइल प्यायलेला लायनर धुऊन वापरू नका, आणि एकाच चाकाचा बदलू नका, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. त्याचं मास्टर काढून ३९०० चं नवं टाकलं. बायको पायडलवर, मी हवा सोडायच्या निपलला पाना लावून खाली. आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढची दोन, अशी पाइपांतली एअर काढली. बूस्टरचा काळा रंग खरवडला, तर खाली मागच्या दिवाळीत बॅटरी काढताना पडलेला ओरखडा निघाला. बूस्टर माझंच होतं, वरून रंगवलेलं. माझं धड मास्टर मात्र त्याच्या पोत्यात गेलं, आणि आज कुणाच्यातरी गाडीवर चंदेरी होऊन बसलं असेल. त्याला दिलेले धरून एकूण १९,८८० रुपये. जुना पार्ट हातात मिळेपर्यंत पैसे देऊ नका.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “पावती आहे?” नाही. “नाव?” जे सांगितलं ते खरं नाही, पैसे गेले त्या खात्यावर बाईचं नाव. फोन बंद. “हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी. फोनवरून पैसे गेले ना, मग सायबरला जा.” सायबरवाल्यांनी विचारलं, ओटीपी दिला का, लिंक दाबली का. नाही? मग ठाण्यात जा. दोन्हीकडे मिळून पाच फेऱ्या झाल्या, पाच दिवसांचं भाडं बुडालं. एका साहेबांनी तर विचारलं, “इतके वर्षं गाडी चालवता, कळलं नाही तुम्हाला?” अरे, कळलं असतं तर तुमच्या दारात आलो असतो का? रिकामा खोका दाखवून पैसे घेणं फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? ठाण्यात नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे, शहरात आयुक्तालयाकडे, लेखी तक्रार पाठवता येते, हे मला एका ओळखीच्या वकिलानं सांगितलं, ठाण्यात कुणी नाही.

ग्राहक तक्रारीचं विचारायला गेलो, तर खिडकीतला माणूस म्हणाला, गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही. साफ चूक. पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरला जातो, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला आयोगात फी नाही. खिडकीवरून कुणी हाकललं तर हे त्याला तिथेच ऐकवा.

आयुक्तालयाला रजिस्टर पोस्टानं तक्रार पाठवली आहे, त्याची पोच माझ्याकडे आहे. ते मास्टर मी फेकलेलं नाही. पिशवीत बांधून ठेवलंय, अंगठ्यानं पुसलेली जागा स्पष्ट दिसते. नागपुरात आणखी कुणाच्या पिकअपला असं चंदेरी मास्टर बसवलं गेलं असेल, तर काढल्यावर भंगारात देऊ नका, फोटो काढा, पैसे पाठवल्याची नोंद जपून ठेवा. दोन-चार तक्रारी एकाच खात्याच्या नावानं गेल्या, तर त्यांना दिवाणी वाद म्हणून परत पाठवणं अवघड जाईल.