टिळकवाडीतला ड्रायव्हिंग क्लास, यूकेला जायच्या आधी लावावा का? (५ पैकी ३ स्टार)

क्लासचं नाव लिहीत नाही, आधीच सांगते. टिळकवाडीच्या बाजूचा आहे एवढं पुरे. सर बाबांच्या ओळखीतले, आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरी त्यांच्याच गाडीवर शिकल्यात, आणि बेळगाव केवढं आहे ते तुम्हाला माहीतच आहे, सकाळी लिहिलं की संध्याकाळी गोवावेसला कोणीतरी थांबवून विचारणार. पण यूकेला जाणार असाल आणि जायच्या आधी इथंच हात साफ करून घेऊ असं डोक्यात असेल तर वाचा, मी अगदी तेच केलं होतं.

मी नर्स. २०१७ ला ह्याच क्लासमधून शिकून केए २२ चं, म्हणजे बेळगावचं, लायसन काढलं, नंतर गाडी फारशी चालवलीच नाही, घरी एकच गाडी आणि ती दादाची. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये लीड्सला जायचं ठरलं तेव्हा ऑगस्टमध्ये पुन्हा दहा दिवसाचा रिफ्रेशर लावला, रोज अर्धा तास, चार हजार रुपये. विचार असा की तिकडं पण गाड्या डावीकडूनच चालतात, स्टेअरिंग पण उजवीकडं, मग वेगळं काय असणार.

चांगलं आधी लिहिते कारण ते खरंच चांगलं आहे. क्लच. सर क्लच असा शिकवतात की आयुष्यात विसरणार नाही. तिसऱ्या दिवशी कपिलेश्वरच्या पुलावर चढात गाडी थांबवायला लावली, मागं बस, बसच्या मागं टेम्पो, सगळे हॉर्न मारालेत, आणि सर शांतपणे म्हणतात "हँडब्रेक नको, हाफ क्लचवर धर, गाडी नाकात थरथरली की सोड." घाम फुटला होता मला. खरं लीड्स म्हणजे सगळा चढउतारच, तिथं पहिल्याच दिवशी इन्स्ट्रक्टरनं चढावर थांबवलं आणि गाडी एक इंचसुद्धा मागं गेली नाही तेव्हा तो माणूस माझ्याकडं बघायलाच लागला. त्या पुलाचे पैसे वसूल. गिअर बदलताना खाली बघायची सवय पण सरांनीच मोडली, हातावर फटका मारून. आणि ऑटोमॅटिकवर शिकू नको म्हणाले ते पण बरोबरच होतं, यूकेत ऑटोमॅटिकवर टेस्ट पास झालात तर लायसनवर फक्त ऑटोमॅटिकच मिळतं, मॅन्युअल चालवायची तर परत टेस्ट.

आता बाकीचं.

क्लासच्या गाडीचा डावा आरसा मिटलेला असतो. कायमचा. २०१७ ला मिटलेला होता, २०२३ ला गाडी बदलली होती, नवीन गाडीचा पण मिटलेला. विचारलं तर म्हणाले खडेबाजारात, गणपत गल्लीत कोणतरी ठोकून जातंय, नवीन आरसा कोण देणार. मधला आरसा सरांनी स्वतःकडं वळवून घेतलेला. राहिला उजवा, त्यात एकदा बघितलं तर लगेच ओरडले, "आरशात काय बघालीस गे, पुढं बघ पुढं! मागचा बघतोय की!"

मागचा बघतोय की. ह्या एका वाक्यावर आपलं सगळं बेळगाव चालतंय असं मला आता वाटतं, आणि चेष्टा नाही करत, इथं ते खरंच चालतं. चन्नम्मा सर्कलला आपण पुढचं बघायचं, मागच्यानं आपल्याला बघायचं, त्याच्या मागच्यानं त्याला. आरशात बघत बसलात तर पुढून कोण आडवा घुसेल सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महागात पडली. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी. क्लासच्या ऑफिसमध्ये बसतो त्या मुलानं सांगितलं, बाहेर जाताय म्हणजे आयडीपी लागतंयच. सरकारी फी हजार रुपये, ह्यानं साडेतीन हजार घेतले, ठीक आहे, एजंटगिरी आहे, धावपळ त्याची. पण वर सांगितलं की हे एक वर्ष चालतं, संपलं की फोन करा, नवीन काढून कुरिअर करतो, असं करत कितीही वर्षं चालवा. हे साफ चुकीचं आहे. यूकेत तुम्ही राहायला गेलात त्या दिवसापासून १२ महिने आपल्या इंडियाच्या लायसनवर गाडी चालवता येते, लायसनवर इंग्रजी असतंच त्यामुळं त्यासाठी आयडीपीची गरज पण पडत नाही. आणि ते १२ महिने संपले की संपले. परमिट नवीन काढा, मध्ये दिवाळीला बेळगावला येऊन परत जा, घड्याळ मागं जात नाही. काही देशांची लायसन्स तिथं नुसती बदलून मिळतात, आपला देश त्या यादीत नाही, म्हणून आपल्याला प्रोव्हिजनल (तिथलं शिकाऊ लायसन), थिअरी टेस्ट, प्रॅक्टिकल टेस्ट सगळं शून्यातून.

मी त्या मुलाच्या भरवशावर आठ महिने आरामात बसले. मग वॉर्डमधून कम्युनिटीत, म्हणजे लोकांच्या घरी जाऊन ड्रेसिंग, इन्सुलिन वगैरे करायच्या कामाला अर्ज करायचा होता, त्याला लायसन पाहिजेच, आणि तिथल्या एका मल्याळी सिस्टरनं सांगितलं तेव्हा कळलं की चारच महिने उरलेत. घाईघाईत प्रोव्हिजनल काढलं, ऑनलाइन ३४ पौंड. थिअरीचे २३. प्रॅक्टिकलचे ६२, शनिवारी पाहिजे असेल तर ७५, आणि तारीख मिळायलाच कित्येक महिने जातात. सप्टेंबर उजाडला आणि इंडियात सात वर्षं लायसन असलेली मी गाडीला लाल एल लावून फिरायला लागले, शेजारी लायसन घेऊन तीन वर्षं झालेला, २१ च्या वरचा माणूस बसल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली अगं मग तुझं इथलं लायसन खोटं होतं काय. काय उत्तर देणार.

थिअरीची गंमत सांगते. ५० प्रश्न, ४३ बरोबर पाहिजेत, ते पाठांतर आहे, आपल्याला जमतं. अडलं हॅझर्ड पर्सेप्शनला. १४ व्हिडिओ असतात, गाडीतून दिसणारा रस्ता, आणि धोका तयार व्हायला लागला की क्लिक करायचं, ७५ पैकी ४४ पाहिजेत. मी घरी प्रॅक्टिसला बसले आणि पहिल्याच व्हिडिओला शून्य. दुसऱ्याला शून्य. कारण मी सारखीच क्लिक करत होते! कडेला माणूस उभा, क्लिक. लांब कुत्रं, क्लिक. पार्क केलेली गाडी, क्लिक. फार वेळा क्लिक केलं की कॉम्प्युटर समजतो हा उगाच दाबत सुटलाय आणि त्या व्हिडिओचे सगळे मार्क काढून घेतो. आता शनिवार खुटावर गाडी चालवलेल्या माणसाला विचारा की ह्यात धोका नसलेलं काय आहे. मला तो उभा माणूस रस्त्यात येणारच असं दिसत होतं, आणि तो येतच नव्हता, तसाच सिग्नलची वाट बघत उभा. नुसतं उभं असणं वेगळं आणि पुढं यायला लागणं वेगळं, हा फरक डोळ्याला शिकवायला तीन आठवडे गेले. थिअरी पहिल्या फटक्यात सुटली.

प्रॅक्टिकल सुटली नाही. साधारण ४० मिनिटं, सुरुवातीला २० मीटरवरची नंबरप्लेट वाचून दाखवायची, मग निघायचं. बारक्या चुका १५ पर्यंत माफ, मोठी एक झाली की नापास, आणि ते शेवटीच सांगतात त्यामुळं पूर्ण वेळ आपण खुशीत. माझ्या बारक्या चार. मोठी एक, सायकलवाला. पुढं एक सायकलवाला होता, मी त्याच्या बाजूनं व्यवस्थित, माझ्या मते फार प्रेमानं, न हॉर्न मारता पुढं गेले. हात लांब केला असता तर लागला असता एवढ्या अंतरावरून. तिथं दीड मीटर तरी सोडायचं असतं, आणि नसेल जागा तर मागंच राहायचं, सायकलच्या स्पीडनं. आणि त्याला ओलांडायला गाडी बाजूला घ्यायच्या आधी मी आरसा बघितलाच नव्हता. चार बारक्यांपैकी तीन पण आरशाच्याच. एक्झामिनर बाई अगदी गोड बोलून नापास करून गेल्या, वाईट सुद्धा वाटू दिलं नाही.

परत तारीख घेतली (दहा वर्किंग डे थांबावंच लागतं, तारीख त्याच्याही पुढची मिळते), परत शिकवणी, एका तासाला ३८ पौंड, म्हणजे चार हजाराच्या आसपास. बेळगावातले दहा दिवस आणि तिथला एक तास, पैसे सारखेच! असे अठरा तास झाले माझे. त्यातले गाडी चालवायचे कमी, मान वळवायचे जास्त. निघताना मान, लेन बदलताना मान, थांबायच्या आधी मान. इन्स्ट्रक्टर म्हणाला तुझे हात-पाय तयार आहेत, डोळे फक्त समोर चिकटलेत. मार्च २०२५ ला पास झाले, आता कम्युनिटीत काम करते, रोज पन्नासेक किलोमीटर होतात. इन्शुरन्सच्या पैशाचं लिहीत नाही, बीपी वाढतं.

हे सगळं आत्ता का लिहिते तर दिवाळीला बेळगावला आले आणि मावसबहीण जानेवारीला बर्मिंगहमला निघालीय, आणि मावशीनं तिला कुठल्या क्लासला घातलं असेल? बरोबर. म्हणून दुसऱ्या दिवशी मी पण गेले मागं बसायला, मावशी पण आली, गाडीत फिरायला मिळतंय म्हणून. सरांनी ओळखलं, लंडनचं कसं चाललंय विचारलं (त्यांच्यासाठी सगळं लंडनच), मी आयडीपीचं सांगितलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, त्या पोराला बोलावून माझ्यासमोर झापलं. पण पैशाचं काही बोलले नाहीत, तिथं एक स्टार गेला. दुसरा स्टार कशाला गेला ते कळलंच असेल.

मग म्हटलं सर, एक विनंती, तो डावा आरसा उघडा आणि मधला हिच्याकडं वळवा. हसले. म्हणाले बाई, तुझं तिकडं चालतंय, खरं इथं गणपत गल्लीत टिकत नाही. मी म्हटलं तिला गणपत गल्लीत गाडी चालवायची नाहीय, बर्मिंगहमला चालवायचीय. मावशी मागून म्हणाली, "उघडा की वो सर, पोरगी परदेशात नापास होऊन फोन करील तर रात्री मलाच उठाय लागतंय."

उघडला. आत कोळ्याचं जाळं होतं, खोटं नाही सांगत. सरांनी खिशातल्या रुमालानं पुसला. आरपीडी कॉर्नरपर्यंत सगळं छान, बहीण आरसा बघालीय, मान वळवालीय, सर गप्प. पुढं गर्दीत शिरलो आणि पाचव्या मिनिटाला भाजीची पोती बांधलेली एक स्कूटर बाजूनं गेली आणि फटकन आरसा मिटला. सर माझ्याकडं वळून नुसतं बघितले. काही बोलले नाहीत, बोलायची गरजच नव्हती.

दहा दिवसात चारदा मिटला म्हणे. पहिल्या दोन वेळा बहिणीला सांगावं लागलं. तिसऱ्यांदा सरांनीच काच खाली करून हात बाहेर काढला आणि उघडला, तोंडानं त्या बाइकवाल्याला काय म्हणाले ते इथं लिहिता येत नाही.